‘ठाणे’चे बारा बाइट : यादीतली मराठी नावं का बिघडतात आणि परत कशी आणायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीची ३४० सभासदांची यादी जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) करून काढली. एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली तर नावांच्या जागी अगम्य रोमन चिन्हं दिसली. कुणीतरी तीच फाइल ‘सेव्ह’ करून नव्या ॲपमध्ये चढवली. आता काही नावांत प्रश्नचिन्हं आहेत, काहींतली मधलीच अक्षरं गायब आहेत, ‘कऱ्हाडकर’ शोधलं तर निम्मेच सापडतात, आणि मराठी एसएमएसचं बिल दुप्पट येतंय. यादी पुन्हा टाइप करावी लागेल का?

बहुधा नाही. पण आज पहिलं काम हे करा: जुन्या सॉफ्टवेअरमधून निघालेली, कुणीही न उघडलेली सीएसव्ही शोधा आणि ती ‘रीड-ओन्ली’ करून बाजूला ठेवा. पुढचं सगळं काम तिच्या प्रतीवर. ती सापडत नसेल आणि जुनं सॉफ्टवेअर अजून चालत असेल तर यादी पुन्हा काढून घ्या. बिघडलेली फाइल पुष्कळदा दुरुस्त होते, मात्र मधल्या प्रत्येक ‘सेव्ह’मध्ये थोडी थोडी माहिती कायमची जाऊ शकते. शेअर सर्टिफिकेटवर माणसाचं नाव त्याच्या स्वतःच्या लिपीत बरोबर छापलं जायला हवं, म्हणून इथे घाई करू नका.

आता नेमकं काय झालं ते. फाइलमध्ये अक्षरं साठवलेली नसतात, ० ते २५५ मधले आकडे असतात. असा एक आकडा म्हणजे एक बाइट. कोणत्या आकड्यांचं कोणतं अक्षर करायचं, याचं कोष्टक म्हणजे एन्कोडिंग. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आपलं कोष्टक कोणतं हे लिहिलेलं नसतं, त्यामुळे उघडणारा प्रोग्रॅम अंदाज करतो. तुमच्या सॉफ्टवेअरने यूटीएफ-८ वापरून लिहिलं आणि एक्सेलने विंडोज-१२५२ हे पश्चिम युरोपीय कोष्टक धरून वाचलं. भारतातल्या इंग्रजी सेटिंगच्या विंडोजवर जुन्या पद्धतीचं ठरलेलं कोष्टक हेच असतं. देवनागरीसाठी विंडोजने तसं कोष्टक सिस्टिमचं म्हणून कधी दिलंच नाही, म्हणून ‘भाषा मराठी करा’ या सल्ल्याने ही अडचण सुटत नाही.

देवनागरीसाठी एकेका बाइटचं भारतीय कोष्टक होतं: इस्की, म्हणजे आयएस १३१९४ : १९९१. युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठीचं एकच सामायिक कोष्टक. त्याने देवनागरीचा पट्टा आखताना अक्षरांचा क्रम इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहे आणि देवनागरीचा पट्टा २३०४ ते २४३१ असा १२८ जागांचा आहे. ठ चा क्रमांक २३३६, कान्याचा २३६६, ण चा २३३९, मात्रेचा २३७५. कीबोर्डवर जोडाक्षर टाइप करताना पाय मोडतो, त्या चिन्हालाही स्वतःचा क्रमांक आहे: २३८१.

हे क्रमांक बाइटमध्ये बसवायची एक पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये आखली. १२७ पर्यंतचे क्रमांक, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि स्वल्पविराम, एका बाइटमध्ये जसेच्या तसे जातात. २०४७ पर्यंतच्यांना दोन बाइट, ६५५३५ पर्यंतच्यांना तीन आणि इमोजीसारख्या त्यापुढच्यांना चार. देवनागरी तीनच्या गटात येते. तीन बाइटचं गणित कागदावर करता येतं आणि एकदा करून पाहावंच. क्रमांकाला ४०९६ ने भागा. भागाकारात २२४ मिळवले की पहिला बाइट. बाकीला ६४ ने भागा. भागाकारात १२८ मिळवले की दुसरा. शेवटी जी बाकी उरते तिच्यात १२८ मिळवले की तिसरा. ठ साठी: २३३६ ला ४०९६ ने भागल्यावर भागाकार ०, म्हणून २२४. बाकी २३३६, तिला ६४ ने भागल्यावर ३६, म्हणून १६४. बाकी ३२, म्हणून १६०. ठ म्हणजे २२४, १६४, १६०.

२३०४ हा आकडा बरोबर ३६ गुणिले ६४ आहे. त्यामुळे देवनागरीच्या पहिल्या ६४ जागांचा दुसरा बाइट १६४ आणि पुढच्या ६४ जागांचा १६५ येतो. पहिला बाइट कायम २२४. म्हणून ‘ठाणे’ फाइलमध्ये असं पडतं: २२४ १६४ १६०, २२४ १६४ १९०, २२४ १६४ १६३, २२४ १६५ १३५. चार चिन्हं, बारा बाइट.

विंडोज-१२५२ मध्ये २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ‘ए’. १६४ म्हणजे चार कोपऱ्यांना टोकं असलेलं वर्तुळ, १६५ म्हणजे जपानी येनचं चिन्ह. रेघेचा ए आणि टोकांचं वर्तुळ, रेघेचा ए आणि येन अशी जोडी दर दोन-तीन चिन्हांनंतर पुन्हा पुन्हा दिसली, की समजा: यूटीएफ-८ मधली देवनागरी १२५२ म्हणून वाचली जातेय. बाइट अजून शाबूत आहेत, वाचायचं कोष्टक तेवढं बदलायचंय.

बाकीची लक्षणं वेगळी ओळखा, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. रिकामे चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही, माहिती ठीक आहे. काळ्या चौकटचिन्हात पांढरं प्रश्नचिन्ह दिसत असेल तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमला यूटीएफ-८ च्या नियमात न बसणारे बाइट भेटले. मूळ फाइल असेल तर काळजी नाही. मात्र ते चिन्हच सेव्ह झालं असेल, म्हणजे फाइलमध्ये २३९ १९१ १८९ हे तीन बाइट बसले असतील, तर त्या जागचं अक्षर गेलं. आणि साधं प्रश्नचिन्ह, म्हणजे बाइट ६३, ही सगळ्यात वाईट अवस्था. देवनागरी ज्या कोष्टकात नाही त्यात कुणीतरी ती जबरदस्तीने लिहिली, आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी ६३ पडला. ६३ कडे बघून तिथे ठ होता की ण, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. एक्सेलमध्ये नावं व्यवस्थित मराठीत दिसत असताना ‘सेव्ह ॲज’मध्ये साधा ‘सीएसव्ही’ निवडला की हेच होतं. विंडोजसोबत येणाऱ्या, टाइप केलेल्या आज्ञांनी चालणाऱ्या पॉवरशेल ५.१ मधल्या सीएसव्ही काढणाऱ्या आज्ञेला एन्कोडिंग सांगितलं नाही तरी हेच होतं.

डोळ्यांवर विसंबू नका, बाइट बघा. पॉवरशेलची ‘फॉर्मॅट-हेक्स’ ही आज्ञा किंवा कोणताही हेक्स एडिटर, म्हणजे फाइलचे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम, चालेल. तिथे आकडे सोळाच्या पायाने दिसतात: २२४ म्हणजे ‘ई०’, १६४ म्हणजे ‘ए४’, १६५ म्हणजे ‘ए५’. ई० ए४, ई० ए५ अशी रांग दिसली की फाइल निरोगी आहे.

निरोगी फाइल एक्सेलमध्ये अशी घ्या. फाइलवर दोनदा क्लिक करू नका. आधी कोरी वर्कबुक उघडा, ‘डेटा’ टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा, फाइल दाखवा. वर ‘फाइल ओरिजिन’ असा रकाना येतो, त्यात ‘६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडा. खालच्या नमुन्यात नावं लगेच मराठीत दिसायला हवीत. इथेच ‘ट्रान्सफॉर्म डेटा’मध्ये जाऊन फ्लॅट नंबर आणि मोबाइल नंबरचे स्तंभ ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर ‘१-२’ हा फ्लॅट तारीख होऊन बसतो आणि शून्याने सुरू होणाऱ्या नंबरातलं शून्य उडतं. मग ‘लोड’. परत सीएसव्ही करायची असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा.

या शेवटच्या प्रकारात एक्सेल फाइलच्या सुरुवातीला २३९ १८७ १९१ हे तीन बाइट लिहितं. त्यांना बॉम म्हणतात. ते असले की दोनदा क्लिक करूनही एक्सेल फाइल बरोबर वाचतं. पण काही प्रोग्रॅम हे बाइट पहिल्या स्तंभाच्या शीर्षकाला चिकटवून घेतात. मग ‘फ्लॅट’ नावाचा स्तंभ समोर दिसत असूनही ॲप ‘फ्लॅट स्तंभ सापडला नाही’ म्हणतं. फक्त पहिल्याच स्तंभाबद्दल अशी तक्रार आली तर बॉम काढून पुन्हा चढवा. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की तो असला-नसला तरी अडत नाही.

मूळ फाइल कुठेच नाही आणि हातात फक्त रोमन चिन्हांची, सेव्ह केलेली प्रत आहे, असं धरू. तत्त्वाने उपाय सोपा आहे: ती चिन्हं पुन्हा १२५२ च्या कोष्टकाने बाइटमध्ये बदला आणि ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचा. प्रत्यक्षात ‘सानपाडा’ परत येतं आणि ‘ऐरोली’ येत नाही. त्याचं कारण बारकाईने समजून घेण्यासारखं आहे.

विंडोज-१२५२ मध्ये २५६ पैकी पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. देवनागरीत ज्या चिन्हांचा तिसरा बाइट यांपैकी असतो, ती धोक्यात येतात. १६४ च्या गटात ती चिन्हं म्हणजे चंद्रबिंदू, ऍ, ए, ऐ आणि झ. १६५ च्या गटात ऱ्हस्व उकार (१२९) आणि पायमोडीचं चिन्ह (१४१), शिवाय ॐ. मराठीत उकार आणि पायमोड जवळजवळ प्रत्येक वाक्यात असतात, म्हणून नुकसान ठळक दिसतं. वाशी, घणसोली, सानपाडा, कळवा ही नावं या फेऱ्यातून सुखरूप बाहेर येतात. ऐरोलीचा ऐ जातो, माझिवड्याचा झ जातो, नेरुळचा उकार जातो, तुर्भेचा उकार आणि रफार दोन्ही जातात.

विंडोज स्वतः या पाच रिकाम्या जागांवरचे बाइट न दिसणारी नियंत्रणचिन्हं म्हणून सांभाळून ठेवतं. ती टाकली जातात पुढच्या टप्प्यावर: एखादं ॲप फाइल चढवताना ‘नको असलेली नियंत्रणचिन्हं’ साफ करतं. तुमची मधलीच अक्षरं गायब होण्याचं कारण बहुतेक हेच. म्हणून ॲपमधून निघालेल्या यादीपेक्षा एक्सेलने सेव्ह केलेली फाइल दुरुस्तीला घ्या. दुरुस्ती करताना पायथनचं काटेकोर १२५२ या चिन्हांवर अडून बसतं. तेव्हा नियम असा लावा: चिन्ह १२५२ मध्ये सापडलं तर तिथला बाइट घ्या, सापडलं नाही आणि त्याचा युनिकोड क्रमांक २५६ च्या आत असेल तर तोच आकडा बाइट म्हणून घ्या. ‘एफटीएफवाय’ ही पायथनची लायब्ररी हेच सैल कोष्टक वापरते.

ठाणेकरांसाठी आणखी एक खास अडचण आहे. ठ चा तिसरा बाइट १६०, आणि १२५२ मध्ये १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. पुष्कळ प्रोग्रॅम ती साध्या मोकळ्या जागेत, म्हणजे ३२ मध्ये, बदलतात. रकान्याच्या शेवटी असेल तर कापूनच टाकतात. त्यामुळे ‘ठाणे’मधला ठ बिघडतो आणि ‘सोमवार पेठ’मधला शेवटचा ठ नाहीसा होतो. पहिला प्रकार खात्रीने दुरुस्त होतो: २२४ १६४ नंतर तिसरा बाइट १२८ ते १९१ मधलाच हवा, तिथे ३२ येऊच शकत नाही, म्हणजे तो १६० होता. सगळीकडे ‘२२४ १६४ ३२’ शोधून ‘२२४ १६४ १६०’ करा.

तिसरा बाइट पूर्ण उडालेला असेल तर उरलेल्या दोनांवरून पर्याय मोजकेच राहतात आणि पुष्कळदा शेजारची चिन्हं निर्णय देतात. अर्धवट २२४ १६५ च्या पुढे अनुस्वार असेल तर तिथे उकार होता, कारण पाय मोडलेल्या अक्षरावर अनुस्वार येत नाही: ‘मुंबई’ निःशंक सुटते. अर्धवट २२४ १६४ च्या पुढे वेलांटी किंवा काना असेल तर तिथे व्यंजनच हवं, म्हणजे झ; ‘माझिवडा’ सुटला. रकान्याच्या अगदी शेवटी असेल तर ठ ची शक्यता आधी तपासा. उरलेली नावं माणसाने वाचून ठरवायची. ३४० नावांत हे एका बैठकीचं काम आहे.

फाइलमध्ये २२४ ऐवजी १९५ १६० अशी जोडी दिसत असेल, तर बिघडलेली रोमन चिन्हं पुन्हा यूटीएफ-८ म्हणून सेव्ह झाली आहेत. ‘ठाणे’चे १२ बाइट तेव्हा २५ होतात. मूळ फाइलपेक्षा नवी फाइल अचानक दुपटीच्या आसपास गेली की हा संशय घ्या. उपाय तोच, फक्त सुरुवातीला यूटीएफ-८ ची एक घडी जास्त उलगडायची.

एक्सेलमधला ‘युनिकोड टेक्स्ट’ हा प्रकार मात्र यूटीएफ-१६ आहे आणि सीएसव्ही मागणाऱ्या ॲपला तो देऊ नये. त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाला दोन बाइट लागतात, पैकी एक नेहमी ९ असतो. साध्या मजकुरात ९ म्हणजे टॅब. दुसरा बाइट ब साठी ४४, म्हणजे स्वल्पविराम; ढ साठी ३४, म्हणजे अवतरणचिन्ह; ऊ साठी १०, म्हणजे नवी ओळ. असली फाइल बाइटवार तोडणाऱ्या ॲपने वाचली की ‘मुंबई’ दोन रकान्यांत फाटते. यूटीएफ-८ मध्ये हे घडू शकत नाही, कारण देवनागरी चिन्हाचा कोणताही बाइट १२८ च्या खाली नसतो.

आता ‘कऱ्हाडकर’. इथे एन्कोडिंगची चूक नाही. दिसायला एक असलेला शब्द दोन तऱ्हांनी टाइप झालाय. ऱ्य, ऱ्ह मधला अर्धा र लिहायची युनिकोडची पसंतीची रीत म्हणजे ऱ (२३५३) आणि पायमोड. जुनी रीत म्हणजे साधा र (२३५२), पायमोड आणि त्यामागे न दिसणारा जोडक (८२०५). पहिल्या रीतीने ‘कऱ्हाडकर’ २४ बाइटचं होतं, दुसऱ्या रीतीने २७ चं. पडद्यावर फरक शून्य, शोधात दोन वेगळे शब्द. युनिकोडचं प्रमाणीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळून झालेला ऱ एकत्र करतं, पण जोडकवाल्या रीतीला हात लावत नाही. तो बदल आपण करायचा.

तो करण्याआधी ‘अदृश्य चिन्हं काढा’ असली सफाई चालवू नका. जोडक गेला की र आणि पायमोड पुढच्या ह वर रफार होऊन चढतात आणि आडनाव ‘कर्हाडकर’ होतं. मराठी संकेतस्थळांवर जागोजागी दिसणारं ‘दुसर्या’ अशा सफाईतूनही येतं.

याच जातीचा दुसरा त्रास ॲ चा. ‘ॲड.’मधला ॲ हे एकच चिन्ह आहे, २४१८, आणि ते युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या कीबोर्डांवर अ (२३०९) आणि चंद्र (२३७३) असं जोडून लिहायचे, काहींवर ऍ (२३१७) यायचा. तिन्ही वेगळे, आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. ‘ऑफिस’मधला ऑ (२३२१) आणि आ वर चंद्र देऊन केलेला आॅ यांचंही तेच. ‘दुःख’मधल्या विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन हे तर सर्रास असतं.

सफाईचा क्रम असा ठेवा. आधी एनएफसी. मग ‘र, पायमोड, ८२०५’ चं ‘ऱ, पायमोड’. मग अ आणि चंद्र यांचं ॲ, आ आणि चंद्र यांचं ऑ, आणि यादी फक्त मराठी असेल तर ऍ चंही ॲ. त्यानंतर दुहेरी मोकळ्या जागा आणि १६० काढा. अदृश्य चिन्हांचा विचार सगळ्यात शेवटी. हे मूळ स्तंभावर करू नका. शोधासाठी शेजारी नवा स्तंभ करा. शोधताना माणूस जे टाइप करेल त्यालाही हाच क्रम लावला पाहिजे, नाहीतर अर्धंच काम झालं.

नव्या ॲपच्या लोकांना तीन गोष्टी विचारा. माहिती साठवणारा डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर कोष्टक ‘यूटीएफ८एमबी४’ आहे का? त्यातलं जुनं ‘यूटीएफ८’ तीनच बाइट घेतं. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाही. डेटाबेसमधला तक्ता आणि ॲपची डेटाबेसशी जोडणी, दोन्हीकडे तेच कोष्टक लागतं. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असेल तर स्तंभ ‘एनव्हारकॅर’ आहे का आणि मजकुराच्या अवतरणाआधी ‘एन’ लावतात का? एवढं एक अक्षर विसरलं की सगळी नावं प्रश्नचिन्हं होतात. तिसरं, रकान्याची लांबी अक्षरांत मोजतात की बाइटमध्ये? ओरॅकल या डेटाबेसच्या ‘व्हारकॅर२’मध्ये मूळ सेटिंग बाइटचं असतं.

बाइटमध्ये मोजत असतील तर ५० चा रकाना मराठीला फार तोकडा पडतो. ‘ज्ञानेश्वर पुरुषोत्तम’ एवढंच ६१ बाइटचं आहे. पन्नासाव्या बाइटवर कापलं तर ‘ज्ञानेश्वर पुरुषो’ आणि मागे एकटा २२४ उरतो, तोच चौकटचिन्हातलं प्रश्नचिन्ह होऊन छापला जातो. कापावंच लागलं तर कापायच्या जागेनंतरचा बाइट बघा. तो १२८ ते १९१ मधला असेल तर एकेक पाऊल मागे सरका. पण खरा उपाय रकाना मोठा करणं हाच. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव मिळून २५५ बाइट तरी ठेवा.

१९९० च्या दशकातली किंवा छापखान्यातून आलेली जुनी कागदपत्रं असतील तर वेगळी गोष्ट. श्रीलिपी, आकृती असल्या फॉन्टांच्या जुन्या फाइलमध्ये बाइट रोमन चिन्हांचेच असतात, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. तिथे रेघेचा ए आणि टोकांचं वर्तुळ अशी नियमित जोडी दिसत नाही, आणि एन्कोडिंग बदलून काहीही होत नाही. त्या त्या फॉन्टचाच परिवर्तक लागतो, कारण तिथे वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये बरोबर उलट. परिवर्तनानंतर ऱ्य, ॲ आणि ऑ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

राहिला एसएमएस. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. एका बाइटमध्ये आठ बिट असतात; इंग्रजी अक्षरं तिथे सात बिटांत बसवतात, म्हणून १६० मावतात. मजकुरात एकही देवनागरी चिन्ह आलं की सगळा मजकूर दोन-दोन बाइटच्या पद्धतीत जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्याहून लांब असेल तर तुकडे पडतात आणि जोडणीच्या माहितीमुळे प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. काना, मात्रा, उकार, पायमोड आणि मोकळी जागा प्रत्येकी एक मोजायची. ‘उद्या सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद राहील. टाक्या भरून ठेवा.’ हा मजकूर ६० चा आहे, एका एसएमएसचे पैसे. त्याच्यापुढे मोकळी जागा सोडून ‘कार्यकारी समिती’ अशी सही जोडली की ७६ होतात आणि पैसे दोनाचे लागतात. पाठवणाऱ्याचं नाव मोबाइलवर वर दिसतंच, म्हणून सही काढा. इमोजी दोन जागा खातो, तोही काढा. मजकूर ७० च्या आत ठेवण्यासाठी अक्षरं न मोजता चिन्हं मोजा: ‘स्त्री’ हे एक अक्षर सहा जागा घेतं.